कुठल्याही किल्लीचं कुलूप

हे कुणाला खरं वाटायचं नाही, आणि ज्याला वाटणार नाही त्याच्याशी आपलं भांडणही नाही. पण त्या सुट्टीच्या दुपारी, घरातली सगळी माणसं टेबलाभोवती बसलेली असताना, अण्णा चक्क गप्प होते. ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला’ असं कुणी सांगितलं असतं तर गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ‘पुन्हा?’ एवढंच विचारलं असतं. अण्णांनी तो एकदा तसा उगवताना स्वतः पाहिला होता, आणि चहाच्या एका कपावर ते तो कुणालाही उगवून दाखवत. पण अण्णा गप्प? त्यापेक्षा सूर्याचं पटलं असतं.

टेबल कामाचंच होतं. खाली कुलपांचा कारखाना, वर राहायच्या खोल्या. वर एकमेकांच्या कोपरांनी जेवायची वेळ आली तेव्हापासून सुट्टीचं जेवण खाली, हत्यारं बाजूला सारून. टेबलाच्या टोकाला लोखंडी पकडीचा वाइस पक्का बसवलेला. आत्या पाव त्याच्याच जबड्यात धरून कापायची. पावात लोखंडाचा कीस गेला तर रक्त वाढतं, हा अण्णांचा शोध. आजही ते त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं. आत्याच्या रक्तावरूनच तर सगळं पेटलं होतं.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. घरात तिचं टोपणनाव ‘कानस’. एक तर प्रत्येक कुलपावर शेवटची कानस तिच्या हातची, आणि दुसरं असं की तिच्या जिभेखालून गेलेला माणूस थोडा कमी होऊनच बाहेर पडायचा. नवरा सोडून गेला तेव्हा ती लहानग्या मुलीला घेऊन भावाकडे आली. मुलगी पुढे तापात गेली. आत्या राहिली, आणि कारखान्यातल्या खिडकीखालच्या स्टुलावर बसून घासत राहिली. आता तिची मूत्रपिंडं थकली होती. दर थोड्या दिवसांनी चौकापलीकडच्या दवाखान्यात जाऊन, यंत्राला जोडून घेऊन, रक्त धुऊन आणावं लागायचं. “धुणं टाकून येते ग,” असं सांगून ती निघायची.

उद्यापासून त्या दवाखान्याला दोन दारं होणार होती. बाहेरचं सगळ्यांना. आतलं, यंत्रांच्या खोलीकडे जाणारं, फक्त कार्डवाल्यांना. कार्ड नोकरीतून मिळायचं. मालकाने कामगार म्हणून नाव लावलं की कार्ड. पहारेकरी कार्ड बघणार आणि मग कुलूप काढणार. ते कुलूप, पितळी, आठ लिव्हरचं, बैलाच्या कपाळाएवढं, या घडीला टेबलाच्या मधोमध फडक्यावर बसलं होतं. बनवलं अण्णांच्या थोरल्याने. आतले लिव्हर, म्हणजे आपली किल्ली ओळखणाऱ्या पट्ट्या, घासून बसवले आत्याने.

“संध्याकाळच्या आत नेऊन द्यायचंय,” थोरला म्हणाला. “तेव्हा जेवा आणि विषय संपवा.”

“माझ्याच हाती दे की,” सिस्टर म्हणाली. “मी तिथेच कामाला आहे. आत्याच्या तोंडावर दार लावायचं ते निदान घरच्या माणसानं लावू दे.”

ही थोरल्याची धाकटी बहीण त्याच दवाखान्यात नर्स होती, म्हणून घरातही सिस्टर. रागावली की तिचा आवाज वर चढत नसे, खाली उतरायचा. आज तो तळाला टेकला होता.

“टोमणे नकोत हं, सिस्टरबाई. नियम मी केलेला नाही.”

“कुलूप तू केलंयस.”

“मी नाही केलं तर पलीकडच्या गल्लीतला करेल, टपूनच बसलाय. किती दिवसांनी असं काम आलंय, माहीत आहे? हे दार झालं की इतर दवाखान्यांची दारं आपलीच. कारखाना चालला तर आत्याचं मी बाहेर करेन, खासगीत.”

“खासगीत! जन्मभर? दादा, आधी घास चावून घे, मग थापा मार. त्यासाठी घरात एक माणूस आहे.”

अण्णांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“मग मी काय करू?” थोरल्याने चमचा ताटलीत टाकला. “दवाखाना म्हणजे काय रस्त्यावरचा नळ आहे? आला तो भरून गेला?”

“हो! नळच आहे!” सिस्टरचा तळहात टेबलावर आपटला आणि ताटल्या उडाल्या. “नळच असायला हवा! रस्त्यावरचा दिवा उजेड पाडण्याआधी विचारतो का, तू कुणाकडे कामाला आहेस म्हणून? आग लागली तर बंबवाले आधी कार्ड मागतात?”

“आग रोज लागत नाही. तुझ्याकडे यंत्रं किती, माणसं किती? तूच सांगत होतीस ना, मागच्या थंडीत औषध संपलं आणि तो कार्डवाला म्हातारा रांगेत बसून बसून परत गेला? आयुष्यभर पगारातून कापून दिलं त्यानं. तो माणूस नाही?”

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच सिस्टर जास्त भडकली.

“माणूस आहे! म्हणून यंत्रं वाढवा म्हणते मी. रांग लांब झाली की रांगेतली माणसंच उडवायची, ही कुठली अक्कल? आजार काय कुणाचं नाव कुठे लावलंय ते बघून येतो? ज्याला झाला त्याला औषध मिळालं पाहिजे. उपकार म्हणून नाही, माझी आत्या म्हणून नाही. हक्क म्हणून.”

“हक्क म्हटल्यानं यंत्र चालत नाही.”

“आणि नाही म्हटल्यानं माणूस मरतो. मी बघते रोज. तू दाराला कुलूप लावून घरी येशील. ‘परत जा’ म्हणायला तिथे मी उभी असेन.”

“अहो ताई, पण यांनी तरी काय करायचं?” सूनबाई मध्ये पडली. थोरल्याची बायको आतापर्यंत त्याच्या शेजारी, त्याच्या बाजूने, बटाटे सोलत बसली होती. “काम नाकारलं तर खायचं काय? कानशी?”

“मला मीठ दे,” आत्या म्हणाली.

“मीठ बंद आहे तुमचं, आत्या,” सूनबाई म्हणाली.

“मीठ बंद, दार बंद. तोंड तेवढं उघडं राहिलंय. त्याला कुलूप लावायला कुणी आलात तर बोटं शाबूत नेणार नाही.”

सिस्टर हसली नाही. ती भावाकडे वळली. “मला एक सांग, दादा. कारखान्यात आत्याचं नाव का नाही लावलं कधी? लावलं असतं तर आज तिच्याकडे कार्ड असतं.”

थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने वाइसचं लग्न का नाही लावलं असं विचारलं होतं.

“आत्याचं? नाव? अगं, आत्या काय कामगार आहे? ती घरचीच आहे.”

अण्णांनी मान खाली घातली. हा शब्द त्यांचाच. या घरात त्याहून मोठा मान नव्हता. हमाल परका, म्हणून त्याचं नाव लागलं आणि त्याला कार्ड मिळालं. पॉलिश करणारा परका, त्यालाही कार्ड. जी माणसं दिवस-रात्र, सणासुदी, ताप-खोकला न बघता राबली, ती घरचीच. त्यांचं नाव कसं लावणार? फार पूर्वी सरकारी खात्यातला एक माणूस चौकशीला आला होता, ‘खिडकीखाली बसतात त्या बाई कोण?’ म्हणून. अण्णांनी छाती फुगवून त्याला हाकलला होता. ‘माझी बहीण माझ्याकडे नोकर? जीभ झडेल तुमची!’ ही हकिकत अण्णा अनेक वर्षं मोठ्या अभिमानाने सांगत. त्यांच्या साऱ्या हकिकतींमध्ये ही एकच अशी होती की जिच्यात त्यांनी काही घातलं नव्हतं.

“मग आता लावा की नाव,” सूनबाई म्हणाली.

“आता लावलेल्या नावाला आधीचा आजार चालत नाही,” सिस्टर म्हणाली. “ मी दोनदा विचारून आले. दुसऱ्यांदा रडून विचारलं.”

“त्या वेळी कुणाच्या डोक्यात तरी आलं होतं का?” थोरला पुटपुटला. “घरचं माणूस ते घरचं माणूस…”

सूनबाईच्या हातातली सुरी थांबली. अर्धं साल बटाट्याला लोंबत राहिलं.

“अहो.”

“काय?”

“माझं नाव आहे ना?”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? कारखान्यात. तेल मी घालते, खोकी मी भरते. गिऱ्हाईक बोंबलत आलं की तुम्ही मागच्या खोलीत पळता नि तोंड मी देते. माझं कार्ड आहे ना?”

थोरला पावाच्या तुकड्याकडे असा निरखून बघू लागला की त्यात खरोखरच लोखंड सापडलं असावं.

“तू पण आता… म्हणजे तू तर अगदीच घरची ना ग.”

“अगदीच घरची?” सूनबाई उठली. “हमालाला कार्ड, आणि मी अगदीच घरची? तो खोकी उचलतो, मी भरते! उद्या मला काही झालं तर?”

“तुला काय व्हायचंय?”

“आत्यांनाही काही व्हायचं नव्हतं!”

तिने आपली ताटली उचलली, सुरी उचलली, सोललेले न सोललेले सगळे बटाटे उचलले आणि टेबलाला वळसा घालून आत्याशेजारी जाऊन बसली. खुर्ची ओढताना फरशीने जो आवाज काढला, तो थोरल्याला त्या घरातल्या कुठल्याही बाईच्या शिवीपेक्षा जास्त लागला. त्याच्या बाजूला आता फक्त वाइस उरला होता.

“घ्या!” तो ताडकन उभा राहिला. “सगळ्यांनी मिळून मलाच झोडपा! कारखाना मी ओढायचा, शिव्या मी खायच्या! अण्णांनी उभा केला नि अण्णांनी थापा मारत बुडवत आणला, त्यांना नाही कुणी विचारत! मला काय आत्याचा जीव नकोय? लहानपणी मला सायकलवरून पडल्यावर कुणी उचललं होतं? पण दार मी नाही लावलं तरी लागणारच आहे! कळत कसं नाही तुम्हाला?”

त्याचे डोळे भरले होते. ते लपवायला तो कुलपावर वाकला. “बघून घेतो नि निघतो.” त्याने किल्ली घातली, फिरवली.

खट.

उलटी फिरवली.

खट.

“बघा. लोण्यासारखं.”

अण्णांचे कान टवकारले गेले. डोळे गेले होते निम्मे, गुडघे गेले होते पूर्ण. पण कान कुलूपवाल्याचे होते. आठ लिव्हरच्या कुलपात ‘खट’च्या आधी एक बारीक आवाज असतो, आठ म्हाताऱ्या एकदम बाकावरून उठताना गुडघ्यांचा यावा तसा. इथे म्हाताऱ्या नव्हत्याच. बाक रिकामं होतं. कुलपात बोल्ट होता, स्प्रिंग होती, आणि बाकी सगळी हवा.

अण्णांनी हळूच बहिणीकडे पाहिलं. ती ताटली पावाने पुसत होती, कुणाकडे बघत नव्हती. तिच्या अ‍ॅप्रनचा उजवा खिसा मात्र चोरलेल्या फळांनी लटकावा तसा लटकत होता.

कानसबाईंनी आठही लिव्हर काढून घेतले होते! नुसते काढले नाहीत, किल्लीचं भोकही घासून हवं तेवढं मोठं केलं होतं. त्या कुलपात आता काहीही शिरेल ते चालणार होतं. घराची किल्ली, कपाटाची किल्ली, फार काय, नीट वाकवलेला चमचा.

अण्णांना हसू फुटलं आणि त्याच क्षणी घाम फुटला. कारण थोरल्याचा हात त्याच्या स्वतःच्या खिशाकडे निघाला होता. कुलूप कारखान्याबाहेर पडण्याआधी दोनदा तपासायचं, ही या घराची रीत होती. आपल्या किल्लीने उघडलं म्हणजे अर्धंच कुलूप झालं. परक्या किल्लीने उघडलं नाही म्हणजे पूर्ण. अण्णांनीच ही रीत पोराच्या डोक्यात टपल्या मारून भरवली होती. आता पोरगं घराची किल्ली काढून त्या भोकात घालणार. कुलूप उघडणार. मग लिव्हर परत बसणार, दार पक्कं होणार, आणि बाहेर उभी राहणार ती…

“थांब!” अण्णा गरजले.

सगळे दचकले. दुपारभरात त्यांचा हा पहिला शब्द.

“त्या दवाखान्याचं पहिलं कुलूप कुणी केलं होतं, ठाऊक आहे?”

“अण्णा, आत्ता नको,” थोरला म्हणाला.

“मी केलं होतं!” अण्णांनी त्याच्या हातातलं कुलूप हिसकून घेतलं आणि छातीशी धरलं. “असंच होतं. याचाच खापरपणजोबा.”

“कुठल्याही किल्लीनं उघडणारं,” सिस्टर थकून म्हणाली. ही गोष्ट त्या घरातल्या प्रत्येक पोराने दुधाबरोबर प्यायली होती.

“कुठल्याही! तेव्हाचा डॉक्टर मला म्हणाला, वारा आत येता कामा नये, कुत्रं आत येता कामा नये, पण आजारी माणूस आला तर त्याच्या खिशात असेल त्या किल्लीनं दार उघडलं पाहिजे. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही कुलूप मागताय की जावई? पण केलं! पेटीची किल्ली लावा, उघडलं. सायकलची लावा, उघडलं. एक व्हायोलिनवाला आला, त्यानं खुंटी लावली. उघडलं, वर सुरात उघडलं.”

सूनबाईच्या ओठाचा एक कोपरा नाइलाजाने हलला. अण्णांनी ते टिपलं आणि उभे राहिले, गुडघ्यांसकट.

“एकदा चोर आला. हत्यार काढतो न काढतो तोच दार उघडलं. इतका अपमान झाला बिचाऱ्याचा, त्यानं धंदाच सोडला. आणि सर्कशीतला सिंह! दाढ दुखत होती त्याची. मालकानं पिंजऱ्याची किल्ली लावली, आत घेऊन आला. सिंह बसला रांगेत. पुढचा माणूस म्हणाला, ‘तुमचा नंबर आधी घ्या.’ सिंह म्हणाला…”

“सिंह बोलत नाही,” थोरला म्हणाला, पण खाली बसला. किल्ली खिशातच राहिली होती.

“दाढ दुखली की सगळे बोलतात! सिंह म्हणाला, ‘छे छे, मी नंतर आलोय.’ असं दार होतं ते! गिरणीवाला आला, भिकारी आला, तालेवार आला, कुणाला कुणी विचारलं नाही तू कुणाचा कोण. मी सांगतो तुम्हाला, मी होतो तोवर त्या दारातून एकही माणूस, एकही, परत गेला नाही…”

“खोटं,” आत्या म्हणाली.

या गोष्टीला ‘खोटं’ म्हणून आजवर शंभर तोंडं ओरडली होती. तो तिचा शेवटचा चरणच होता. पोरांनी ‘खोटं खोटं’ म्हणून टाळ्या पिटायच्या आणि अण्णांनी त्यांची मुंडकी उडवल्याचा अभिनय करायचा. पण हे ‘खोटं’ त्यातलं नव्हतं.

“चिमे,” अण्णा बहिणीला म्हणाले. ते डोळ्यांनी तिच्या खिशाकडे खुणावत होते, भुवया वेड्यावाकड्या उडवत होते. “चिमे, ऐक तर. संपू दे मला.”

“दिसतंय मला तू काय करतोयस ते. झाकू नकोस. या गोष्टीखाली तर मुळीच नको.” तिने पावाचा तुकडा खाली ठेवला. “पहिल्यांदा ही गोष्ट तू कुणाला सांगितलीस, आठवतं?”

अण्णांना आठवत नव्हतं.

“माझ्या पोरीला. दवाखान्याला घाबरायची म्हणून. सायकल, व्हायोलिन, सगळं तिच्यासाठी केलंस. सिंह तर तिनंच सुचवला.” आत्याचा आवाज कानशीसारखा सपाट चालला होता, पुढे, मागे. “ताप चढला तेव्हा तू परगावी तिजोरी बसवायला गेला होतास. मी उचलून नेलं तिला. भर दुपार होती. दार बंद. काचेतून आतली माणसं दिसत होती, बाकावर जागासुद्धा दिसत होती. तो गिरणीवाल्यांचा वार होता. ज्यांची नावं गिरणीत, तेच आत. पहारेकरी म्हणाला, तुमचा वार परवा.”

सूनबाईने सुरी खाली ठेवली.

“पोरगी म्हणाली, आई, मामाची किल्ली लाव ना.”

“चिमे…”

“माझ्याकडे कारखान्याचा जुडगा होता. मला माहीत होतं रे, थाप आहे ते. पण ती बघत होती. मी एक किल्ली लावली. ती म्हणाली, ही नाही, पुढची. पुढची लावली. ही नाही, पुढची. पहारेकरी हसत होता. आतली एक बाई हसत होती. जुडग्यातली एकूण एक किल्ली लावली मी, अण्णा. एकही लागली नाही.”

तिने हात पुढे केला. अण्णांनी छातीशी धरलेलं कुलूप निमूट तिच्या हातात दिलं. मग तिने अ‍ॅप्रनचा खिसा टेबलावर उलटा केला. आठही लिव्हर खणखणत बटाट्यांच्या सालांत पडले.

“आत्या!” थोरला ओरडला. “अगं, हे काय केलंस?”

आत्याने गळ्यातली दोरी ओढली. दोरीला तिच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली होती, वाकडी, गंजकी, बोटभर. ती तिने कुलपात घातली आणि फिरवली.

खट.

तिने कुलूप टेबलावरून थोरल्यापुढे सरकवलं.

“जा, बसवून ये,” ती म्हणाली. “आणि कुणी विचारलं, कुणी घासलं म्हणून, तर नाव सांगू नकोस. म्हणावं, घरचंच काम आहे.”